विहिरीतील हिरवा थर, उनपदेवचे गरम पाणी आणि तांब्याचा साठा

चोपडा तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न माझ्यासमोर आहे. त्यांच्या शेतात नवीन विहिरीचे काम सुरू असून सुमारे पंचावन्न फुटांवर काळ्या पाषाणाखाली पोकळ्यांनी भरलेला खडक लागला आहे. त्या पोकळ्यांना आतून हिरवट थर आहे, पांढऱ्या सुया आहेत आणि काही ठिकाणी सोनेरी चमकणारे कण आहेत. समुद्राच्या तळाशी गरम पाण्याच्या झऱ्यांतून तांबे आणि जस्त यांचे साठे तयार होतात, असे त्यांच्या वाचनात आले. ते विचारतात की आमच्याकडे ज्वालामुखीचा खडक आहे, उनपदेवला जमिनीतून गरम पाणी येते आणि तापीचे खोरे खचून तयार झाले असे भूगोलाच्या पुस्तकात आहे, तर मग आमच्या विहिरीतील हिरवा रंग तांब्याचा का नसावा? शिवाय गावात आलेल्या एका माणसाने आगाऊ पैसे घेऊन शेतात चार खोल बोअर मारून 'तांब्याची शिर' शोधून देण्याची तयारी दाखवली आहे. पैसे द्यावेत का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात घरचा पैसा गुंतलेला आहे. पैसे देऊ नका. बाकीच्या प्रश्नाला मात्र मी नुसते 'नाही' म्हणून बाजूला सारणार नाही. या गृहस्थांनी मांडलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांची जोडणीही विचारपूर्वक केलेली आहे. ज्वालामुखी, उष्ण पाणी आणि खचदरी यांच्या संगतीतूनच पृथ्वीवरील तांबे, जस्त आणि शिसे यांचे अनेक मोठे साठे तयार झाले. म्हणून खरा प्रश्न असा आहे की ही तिन्ही नावे खानदेशात हजर असूनही साठा का जमला नाही. मी यावल तालुक्यातला. नोकरीची एकतीस वर्षे खनिजांच्या शोधात राजस्थानात आणि मध्य प्रदेशातील बैतूल भागात गेली, आणि सुटीत घरी आलो की हाच प्रश्न मलाही पडत असे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपल्या काळ्या पाषाणात तांबे नाही असे नाही. बेसाल्टमध्ये, म्हणजे याच पाषाणात, टनामागे साधारण शंभर ग्रॅम तांबे असते, कोठे त्याहून थोडे अधिक. एक घन किलोमीटर बेसाल्टचे वजन सुमारे २९० कोटी टन भरते, म्हणजे त्यात जवळजवळ तीन लाख टन तांबे आहे, आणि सातपुडा व अजिंठ्याच्या रांगांत असे किती घन किलोमीटर उभे आहेत! पण ते खडकाच्या कणाकणात विखुरलेले आहे. खाण चालण्यासाठी टनामागे शंभर ग्रॅम नव्हे, तर साधारण पाच ते दहा किलो तांबे लागते, म्हणजे पन्नास ते शंभर पट गोळा झालेले. उसाच्या फडात साखर असतेच, परंतु गुऱ्हाळ लागल्याशिवाय गुळाची ढेप मिळत नाही. साठ्याचा शोध घेणारा भूवैज्ञानिक धातूच्या आधी हे गुऱ्हाळ कोठे लागले होते ते शोधत असतो.

असे गुऱ्हाळ चालू अवस्थेत माणसाने पाहिले त्याला अजून पन्नास वर्षेही झालेली नाहीत. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळच्या सागरी खचदरीत 'अल्विन' या पाणबुडीतून संशोधकांना कोमट पाण्याचे झरे आणि त्यांभोवतीची जीवसृष्टी दिसली. दोन वर्षांनी, मेक्सिकोच्या किनाऱ्यापलीकडे पूर्व प्रशांत उंचवट्यावर, अडीच किलोमीटरहून अधिक खोलीवर, काळा धूर ओकणारी दगडी धुराडी सापडली. तेथे तापमान मोजायला गेलेल्या दांडीचे प्लास्टिक वितळले. नंतर नीट मोजले तेव्हा पाणी सुमारे ३५० अंश सेल्सिअस भरले. इतके तापूनही ते उकळत नव्हते, कारण वरच्या पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे अडीचशे पट होता. हा दाब पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून तो ध्यानात असू द्यावा.

तेथे घडते ते असे. समुद्रतळ दोन्ही बाजूंना ताणला जातो, त्याला भेगा पडतात आणि तळाखाली एक-दोन ते काही किलोमीटरवर वितळलेला शिलारस साठलेला असतो. थंड, खारट समुद्राचे पाणी भेगांतून खाली उतरते आणि तापू लागते. तापता तापता त्यातील मॅग्नेशियम खडकात जाऊन बसते आणि त्या देवघेवीत पाणी आम्ल बनते. त्यातील सल्फेटचा मोठा भाग कॅल्शियमबरोबर भेगांतच साका धरतो, आणि खडकाशी झालेल्या क्रियेत पाण्यातील ऑक्सिजनही संपतो. अशा रीतीने खाली गेलेले साधे समुद्राचे पाणी शिलारसाच्या माथ्याजवळ पोहोचेपर्यंत गरम, आम्लधर्मी, ऑक्सिजनविरहित आणि क्लोराइडने भरलेले असते. अशा पाण्याला बेसाल्टमधील तांबे, जस्त आणि लोह धुऊन काढता येते. धातू क्लोराइडशी संयोग पावून पाण्यात विरघळलेले राहतात, आणि खडकातून निघालेले गंधकही हायड्रोजन सल्फाइडच्या रूपाने त्याच पाण्यात असते.

हलके झालेले हे पाणी वेगाने वर येते आणि तळावर दोन अंशांच्या समुद्रजलात शिरताच क्षणात थंड होते. थंड झाल्यावर धातू पाण्यात राहू शकत नाहीत, ते गंधकाबरोबर सल्फाइडचे बारीक कण होऊन बाहेर पडतात, आणि तोच तो काळा धूर. धुराड्याची पहिली भिंत मात्र धातूची नसते. समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम सल्फेट तापले की जास्त विरघळण्याऐवजी उलट साका धरते, तशी ती भिंत उभी राहते. ती उभी राहिल्यावर आतल्या बाजूने ताम्रमाक्षिकाचे, म्हणजे तांबे-लोह-गंधकाच्या खनिजाचे, अस्तर चढते, कारण तांब्याला जास्त उष्णता लागते, आणि बाहेरच्या थंड बाजूला जस्ताचे स्फॅलराइट जमते. धुराडी वाढतात, ढासळतात, त्यांच्या ढिगाऱ्यातून नवी फुटतात. अटलांटिकच्या मध्यावर 'टॅग' नावाने ओळखला जाणारा असा एक ढीग सुमारे दोनशे मीटर रुंद आणि पन्नास मीटर उंच आहे. त्या ढिगाखाली, ज्या नळीतून पाणी वर आले तेथे, खडकाचा मूळ रंगरूप ओळखू येणार नाही इतका बदल झालेला असतो: कॅल्शियम आणि सोडियम निघून गेलेले आणि मॅग्नेशियम आत शिरलेले.

आता तापीकडे येतो. आपली तापी मुलताईला उगम पावते, आणि मुलताई बैतूल जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्यात, बैतूल ते छिंदवाडा या दिशेने, बेसाल्टच्या आधीच्या अतिप्राचीन खडकांचा एक पट्टा उघडा आहे. भुयारी, बांसखापा-पिपरिया, मुआरिया या गावांजवळ तेथे जस्त, तांबे आणि शिसे यांची सल्फाइड खनिजे आढळतात, आणि ती समुद्रतळावरील ज्वालामुखीच्या संगतीने जमलेली आहेत असे अभ्यासक मानतात. नोकरीच्या पहिल्या वर्षांत तेथे काम करताना एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी माझ्या हातात अँथोफिलाइटचा जड, तपकिरी, तंतुमय तुकडा ठेवला आणि विचारले, "या खडकात कॅल्शियम इतके कमी आणि मॅग्नेशियम इतके जास्त कसे?" मला उत्तर आले नाही. उत्तर वर येऊन गेले आहे. समुद्राच्या पाण्याने कॅल्शियम काढून घेतले, मॅग्नेशियम दिले, आणि नंतर कोट्यवधी वर्षांनी तो खडक जमिनीखाली भाजून निघाला तेव्हा त्या चमत्कारिक रासायनिक घडणीतून हे खनिज तयार झाले. त्याच खडकांत गाहनाइट नावाचे गडद हिरवे, कठीण खनिज सापडते. त्यात जस्त अडकलेले असते, आणि जस्ताच्या साठ्याकडे जाण्यासाठी ती आमची खूण होती. समुद्र गेला, ज्वालामुखी गेला, धुराडी दबून चपटी झाली, पण त्या पाण्याची वाट खडकाच्या रसायनात शिल्लक राहिली. मला या विषयाची ओढ लागली ती त्या दिवसापासून.

राजस्थानातील साठे या कुळातील असले तरी त्यांचा मार्ग थोडा वेगळा आहे, आणि 'खचदरी' या शब्दामुळे होणारा घोटाळा सोडवायला तो उपयोगी पडतो. खंडाचे कवच ताणले जाऊन खचते, खोलगट भागात समुद्र शिरतो आणि गाळाचे जाड थर साठतात. त्या गाळातील खारट पाणी मोठ्या भेगांच्या मुळाशी जाऊन तापते, परंतु समुद्रतळाच्या धुराड्यांइतके नाही, साधारण शंभर ते अडीचशे अंशांपर्यंत. एवढ्या उष्णतेत तांबे फारसे वाहून नेता येत नाही, मात्र पाणी पुरेसे खारट असेल तर शिसे आणि जस्त येते. हे पाणी तळावर किंवा तळाखालच्या कुजक्या, ऑक्सिजन नसलेल्या चिखलात पोहोचले की तेथील गंधकाबरोबर धातू थराथरांनी जमतात. भिलवाडा जिल्ह्यात १९७७ मध्ये शोध लागलेला रामपुरा आगुचाचा जस्ताचा साठा आणि राजपुरा दरीबाचा साठा याच प्रकारात गणले जातात. मूळ चिखल तेथे आज ग्रॅफाइटयुक्त नाइस, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने बदललेला पट्टेदार खडक, झालेला आहे, त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला समुद्राचा तळ डोळ्यांसमोर आणणे अवघड जाते. आजच्या काळातील उदाहरण हवे असेल तर तांबड्या समुद्राच्या मध्यभागी, सुमारे दोन किलोमीटर खोल असलेल्या अटलांटिस-२ या खळग्यात गरम, अतिखारट पाणी साचलेले आहे आणि त्याच्या तळाच्या चिखलात जस्त आणि तांबे आजही जमते आहे.

साठा तयार झाला तरी तो टिकला पाहिजे. उघड्या समुद्रतळावर सल्फाइडचा ढीग गंजून जातो. त्यावर लवकरच लाव्हाचा किंवा गाळाचा थर बसला तरच तो वाचतो. त्यातही महासागराचा तळ कायमचा नसतो. तो खंडांखाली शिरून नाहीसा होतो, आणि म्हणून आज कोणत्याही मोठ्या महासागराचा तळ सुमारे वीस कोटी वर्षांपेक्षा जुना नाही. जे तुकडे टकरीत वर ढकलले जाऊन जमिनीवर चढले तेच आपल्या हाती आले. सायप्रस बेटावरील त्रूदोसचा डोंगर असाच वर आलेला सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ आहे. तेथील तांबे प्राचीन काळापासून काढले जात होते आणि तांब्याचे लॅटिन नाव त्या बेटाच्या नावावरूनच पडले.

एवढे डोळ्यांसमोर ठेवून आता खानदेशच्या खडकाकडे पाहू. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडला, पण आपल्याकडे तो समुद्रात न पडता जमिनीवर पसरला. याचा पुरावा विहिरीतच सापडतो. दोन लाव्हाथरांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा, मऊ पट्टा लागतो. पहिला थर उघडा राहिला, हवापाण्याने कुजला, आणि मग त्यावर पुढचा आला, म्हणून तो लाल झाला. पाण्याखाली पडलेल्या लाव्हाचे रूप वेगळे असते. त्याचे उशीसारखे गोल लोळ एकावर एक रचले जातात. कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यात मरडीहळ्ळी येथे ते फार सुंदर दिसतात, आणि त्याच प्राचीन पट्ट्यात इंगळधाळला तांब्याची खाण होती, हा योगायोग नाही.

जमिनीवर पसरलेल्या लाव्हाला अडीच किलोमीटर समुद्राचा दाब नव्हता, क्लोराइडने भरलेले अमर्याद पाणी नव्हते आणि एकाच ठिकाणी हजारो वर्षे पाणी फिरवत ठेवणारा शिलारसाचा साठा जवळच खाली नव्हता. धुळे-नंदुरबारकडे डोंगरातून भिंतींसारखे सरळ जाणारे काळे खडक दिसतात ते शिलारस वर येण्याच्या भेगांत गोठलेले आहेत, म्हणजे भेगा होत्या. परंतु त्या भरल्या आणि थंड झाल्या, आणि पसरलेले थरही वरून लवकर निवले. नंतर त्यांच्यात मुरलेले पाणी कोमट ते गरम होते. एवढ्या उष्णतेचे गोडे पाणी तांबे वाहून नेत नाही, मात्र सिलिका, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम हलवून पोकळ्या भरू शकते. म्हणून आपल्याकडे गारगोट्या, अकीक, कॅल्साइट आणि झिओलाइट मिळतात. सावद्याच्या खाणींतील अपोफिलाइट आणि स्टिलबाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत जातात. गुऱ्हाळ आपल्याकडेही लागले होते, पण त्यात वेगळाच रस होता.

उनपदेवच्या गोमुखातून पडणारे पाणीही याच न्यायाने पाहावे. पावसाचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या भेगांतून खोल जाते, पृथ्वीच्या नेहमीच्या अंतर्गत उष्णतेने तापते आणि त्याच भेगांतून वर येते. त्याखाली शिलारस नाही आणि त्याचे तापमान उकळत्या पाण्याच्याही बरेच खाली आहे. तापीचे खोरे खचलेले आहे हे बरोबर, पण त्या खळग्यात समुद्राऐवजी नदीचा गाळ साठला. येथे कोणी पूर्णेच्या खारपाणपट्ट्याकडे बोट दाखवेल, कारण ती पूर्णा चांगदेवला तापीला मिळते आणि तिच्या खोऱ्यातील पाणी खारट आहे. खारटपणा आहे, पण तो गाळातील थंड पाण्याचा आहे. धातू धुऊन काढण्यासाठी मीठ आणि उष्णता एकाच पाण्यात एकत्र लागतात.

हे सर्व परिस्थितीवर अवलंबून आहे हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जमिनीवर पसरलेल्या लाव्हात तांबे कधीच जमत नाही, असा नियम नाही. अमेरिकेत सुपीरियर सरोवराच्या काठी किवीनॉ येथे सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीच्या खचदरीतील लाव्हाच्या पोकळ्यांत शुद्ध तांबे भरलेले आहे आणि त्यावर मोठा खाणधंदा चालला. तेथे लाव्हाची रास अनेक किलोमीटर जाड होती, तळचा भाग खोल दबून तापला, त्यातून निघालेल्या पाण्याने तांबे वर आणले, आणि त्या पाण्यात गंधक फारसे नसल्यामुळे धातू शुद्ध रूपात जमला. सैबेरियातील नोरिल्स्कला निकेल आणि तांबे मिळाले ते आणखी वेगळ्या कारणाने: तेथे शिलारसाने वाटेतील गंधकयुक्त खडक आपल्यात मिसळून घेतले. म्हणून 'काळा पाषाण म्हणजे कधीच धातू नाही' असे मी म्हणत नाही. तुमच्या विहिरीतील लक्षणे यांपैकी कोणत्याही कहाणीशी जुळत नाहीत, एवढेच माझे म्हणणे आहे. बैतूलसारखे जुने खडक आपल्या बेसाल्टखाली काही ठिकाणी असू शकतात, पण त्यावर शेकडो मीटर लाव्हा आहे, आणि तो प्रश्न विहिरीच्या तोंडाशी उभे राहून सुटणारा नाही.

आता हातातील नमुन्याविषयी. पोकळ्यांच्या आतल्या बाजूचा हिरवा थर आपल्याकडे बहुतेक वेळा सेलॅडोनाइट किंवा क्लोराइट असतो. हिरवा रंग त्यातील लोहाचा, तांब्याचा नव्हे. पांढऱ्या सुया झिओलाइटच्या. सोनेरी चमक स्टिलबाइटच्या मोत्यासारख्या पापुद्र्यांची असू शकते, लोहगंजाच्या पातळ थराची असू शकते, क्वचित लोहमाक्षिकाची, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाची, असू शकते. तरीही माझ्या शब्दावर विसंबू नका, तपासून पाहा. सोनेरी कण बिनझिलईच्या पांढऱ्या फरशीच्या मागील बाजूवर घासा. लोहमाक्षिकाची रेघ हिरवट काळी उमटते, सोन्याची सोनेरीच राहते. सोने टाचणीने दाबले तर दबते, लोहमाक्षिक दबत नाही, ठोकले तर त्याचा भुगा होतो.

हिरव्या थरासाठी गावातील माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची मदत घ्या. तांब्याचे नेहमीचे हिरवे खनिज, म्हणजे मॅलाकाइट, आम्लात फसफसते आणि सेलॅडोनाइट फसफसत नाही. परंतु नुसत्या फसफसण्यावर निर्णय देऊ नका, कारण शेजारच्या पोकळीतील कॅल्साइट त्याहून जोरात फसफसतो आणि माणूस फसतो. मी स्वतः नवशिक्यांना या एका चुकीमुळे दोन दोन दिवस वाया घालवताना पाहिले आहे. म्हणून हिरवा थर खरवडून त्याची पूड आम्लात काही वेळ ठेवा आणि त्या द्रावणात स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा बुडवा. तांबे असेल तर थोड्या वेळात खिळ्यावर तांबूस लेप चढेल. लेप चढला नाही, तर तो हिरवा रंग बहुधा तांब्याचा नाही.

बोअरविषयी पुन्हा एकदा लिहितो, कारण या कामात माझे आयुष्य गेले आहे. खनिजासाठी छिद्र घेण्याआधी नकाशा काढतात, उघड्या खडकांचे आणि ओढ्यांतील मातीचे रासायनिक परीक्षण करतात, भूभौतिक मोजणी करतात, आणि मग खडकाचा अखंड दांडा वर येईल अशा यंत्राने छिद्र घेतात. पाण्याच्या बोअरमधून वर येतो तो भुगा. चार बोअरचा भुगा पाहून 'शिर' दाखवणारा माणूस तुम्हाला हवे ते दाखवू शकतो.

विहिरीचे बांधकाम सुरू होण्याआधी मात्र एक काम अवश्य करा. एकदा वरून खालपर्यंत सरळ फोटो घ्या, कोणत्या फुटावर काळा पाषाण, कोणत्या फुटावर पोकळ्यांचा खडक आणि कोणत्या फुटावर तांबडा पट्टा लागला ते वहीत लिहा, आणि प्रत्येक थराचा मुठीएवढा तुकडा फूट लिहिलेल्या पिशवीत ठेवा. त्यातील पांढऱ्या सुया आणि स्फटिक सुतळीने बांधून पोत्यात टाकू नका, वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळे ठेवा. जळगावातील एखाद्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र किंवा भूगोल विभागात ते घेऊन जा. खिळ्यावर तांबूस लेप चढला, तर तो खिळा आणि ज्या थरातून पूड घेतली त्याचा तुकडा, दोन्ही सोबत न्या.